‘सगुणा’ आणि ‘कमला’: नगरच्या कृपाबाईंच्या दोन कादंबऱ्या घ्याव्यात कशा, वाचाव्यात कशा

कृपाबाई सत्यनाथन यांच्या ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या दोन्ही कादंबऱ्या इंग्रजीत आहेत, पण त्यांतली माणसं मराठीत विचार करतात. सासू मराठीत टोचून बोलते, बाप मराठीत पोथी समजावतो, आणि धर्म बदललेल्या नवऱ्याच्या हातचं पाणी नको म्हणणारी बायको मराठीतच गप्प बसते. अहमदनगरमध्ये (आजच्या अहिल्यानगरमध्ये) जन्मलेल्या, लग्न होऊन मद्रासकडची झालेल्या एका ख्रिस्ती बाईनं १८८०-९० च्या दशकांत हे लिहिलं. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत तिचं नाव घेतलं जातं. तरी मराठी वाचकाला तिचं नाव अजून परकंच वाटतं, बहुधा त्या दक्षिणी आडनावामुळे.

दोन्ही पुस्तकं एकत्र घ्या. एकटी ‘सगुणा’ वाचली तर लेखिका धर्मांतराची बाजू मांडणारी वाटते. एकटी ‘कमला’ वाचली तर हीच बाई हिंदू विधवेच्या व्रतस्थ आयुष्याची पूजा बांधते आहे असं वाटतं. दोन्ही मतं चुकीची आहेत. ‘सगुणा’त भास्कर नावाचा थोरला भाऊ धाकट्या बहिणीकडून एक वचन मागतो: आपल्या देशबांधवांशी धीटपणे बोलायचं, आणि आपण त्यांच्यातलेच आहोत हे सांगायला कधी लाजायचं नाही. या वचनाला दोन भाग आहेत. ‘सगुणा’ पहिल्या भागातून आली आहे आणि ‘कमला’ दुसऱ्या भागातून. कृपाबाईंच्या श्रद्धेचं आणि लेखनाचं नातं मला या वचनापेक्षा नेमकं कुठं सापडलेलं नाही.

आधी खरेदीचं बोलू, कारण इथंच बरेच वाचक अडकतात.

पुस्तक शोधताना आडनाव घात करतं. ते मूळ संस्कृत ‘सत्यनाथ’वरून आलेलं, पण तमिळ उच्चारावरून इंग्रजीत एस-ए-टी-टी-एच-आय-ए-एन-ए-डी-एच-ए-एन असं लिहिलं जातं. एक टी गळला किंवा ‘डीएच’च्या जागी ‘टीएच’ पडला की ग्रंथालयाच्या सूचीत काही हाती लागत नाही. पहिलं नावही कुठं ‘क्रुपाबाई’, कुठं ‘क्रिपाबाई’ असं दिसतं. मराठी उच्चाराला धरून ‘क्रु’ हेच स्पेलिंग मूळ पुस्तकांवर आहे, म्हणून शोध त्यानंच सुरू करावा. माहेरचं आडनाव खिस्ती. हे ‘ख्रिस्ती’ नव्हे. ते घराण्याचं जुनं ब्राह्मण आडनाव आहे, बाप्तिस्म्यानंतर घेतलेलं नाही. छापताना ‘र’ घुसडला गेला की वाक्याचा अर्थच पालटतो, आणि ही चूक लेखांतून पुन्हा पुन्हा होत राहते.

आवृत्त्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला, मूळ छपाई: ‘कमला’ १८९४ ची, ‘सगुणा’ १८९५ ची, दोन्ही मद्रासच्या श्रीनिवास, वरदाचारी आणि कंपनीच्या. या मोठ्या ग्रंथालयांत आणि स्कॅन केलेल्या स्वरूपात मिळतात. दुसरा, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं १९९८ मध्ये दिल्लीहून काढलेल्या आवृत्त्या, संपादक चंदानी लोकुगे. तिसरा, जुन्या स्कॅनवरून मागणीनुसार छापून देणाऱ्यांच्या प्रती.

या तिसऱ्या प्रकारापासून जपून राहा. यंत्रानं अक्षरं ओळखून पुन्हा जुळवलेला मजकूर असेल तर इंग्रजी शब्द बहुतेक नीट येतात; बळी जातो तो नावांचा. इंग्रजी शब्दकोशात ‘गणेश’ किंवा ‘भागीरथी’ नसतात, त्यामुळे यंत्र त्यांना जवळच्या कुठल्यातरी इंग्रजी शब्दाच्या साच्यात कोंबतं. ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की त्यांचा ‘एम’ होतो. पानाच्या डोक्यावरचं शीर्षक मधेच परिच्छेदात उतरतं. घेण्यापूर्वी नमुन्याची पाच-सहा पानं उघडा आणि एकच नाव शोधा. ते दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी आलं असेल तर प्रत सोडून द्या. पानांचं जसंच्या तसं छायाचित्र छापलेलं असेल तर हा धोका नाही. तिथं फक्त कडेची अक्षरं कापली गेली आहेत का ते पाहायचं.

अभ्यासासाठी १९९८ ची जोडी घ्यावी. मात्र तिच्या मुखपृष्ठाबद्दल माझी एक ठाम तक्रार आहे. १८९५ च्या ‘सगुणा’चं उपशीर्षक होतं ‘अ स्टोरी ऑफ नेटिव्ह ख्रिश्चन लाइफ’, म्हणजे एतद्देशीय ख्रिस्ती जीवनाची कथा. १९९८ मध्ये तिथं आलं ‘भारतीय स्त्रीनं इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मकथनात्मक कादंबरी’ अशा अर्थाचं वाक्य. विक्रीसाठी आणि विद्यापीठांसाठी ते सोयीचं असेल, पण लेखिकेनं स्वतःच्या पुस्तकाचा विषय जिथं सांगितला होता, ते दोन शब्द त्यात पुसले गेले. ‘कमला’चं मूळ उपशीर्षक ‘अ स्टोरी ऑफ हिंदू लाइफ’. दोन्ही उपशीर्षकं शेजारी ठेवली की योजना दिसते: एक कथा ख्रिस्ती घराची, एक हिंदू घराची, आणि दोन्ही घरं तिचीच. एक उपशीर्षक हलवलं आणि जोडीची शिवण उसवली.

आता आयुष्य. दोन्ही कादंबऱ्या त्यातून थेट उगवलेल्या असल्यामुळे ते माहीत असल्याशिवाय वाचन पुरं होत नाही.

कृपाबाईंचा जन्म १८६२ चा. वडील हरिपंत खिस्ती, आई राधाबाई. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईला आलं आणि १८३१ मध्ये त्यानं नगरला ठाणं केलं. सिंथिया फरार यांची मुलींची शाळा नगरला होती. जोतीराव फुले ती पाहायला गेले होते. मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच सुरू झालं. म्हणजे वाचन, वाद आणि छापखाना यांनी गजबजलेलं हे गाव होतं. हरिपंत त्या मिशनच्या सुरुवातीच्या ब्राह्मण धर्मांतरितांपैकी. जात गेली तरी वारसाहक्क जाणार नाही असं सांगणारा कायदा १८५० मध्ये आला, आणि हरिपंतांचा निर्णय त्याच्या आधीचा आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याला भाऊबंद, बायको आणि घर या तिन्हींवर एका दिवसात पाणी सोडावं लागायचं. ‘सगुणा’च्या पहिल्या भागातला हरिश्चंद्र, म्हणजे नायिकेचा बाप, इतका का घुटमळतो, हे यावरून कळतं.

कृपाबाई लहान असतानाच वडील गेले. त्यांची जागा थोरल्या भास्करानं घेतली. तिला पुस्तकं दिली, तिच्याशी बरोबरीनं वाद घातला, आणि तोही ऐन तरुणपणी गेला. पुढं मुंबईत मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिक्षण झालं आणि डॉक्टर व्हायचं ठरलं. इंग्लंडला जाण्याची संधी चालून आली होती, पण प्रकृती आडवी आली. मद्रास मेडिकल कॉलेजनं १८७५ मध्ये स्त्रियांना दारं उघडली होती. १८७८ मध्ये कृपाबाई तिथं दाखल झाल्या. राहायला रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांचं घर मिळालं. त्यांच्या पत्नी अॅना मुलींच्या शाळा चालवत आणि त्यांनी तमिळमध्ये मातांसाठी पुस्तकही लिहिलं होतं. पहिल्या वर्षी कृपाबाईंनी बक्षिसं मिळवली आणि वर्ष संपता संपता त्यांची तब्येत कोसळली. पुण्याला बहिणीकडे विश्रांती घेऊन त्या परत मद्रासला गेल्या. १८८१ मध्ये केंब्रिजहून शिकून आलेल्या सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे उटी, राजमहेंद्री, कुंभकोणम आणि पुन्हा मद्रास असा प्रवास झाला. उटीत त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू केली. तिथंच निलगिरीतल्या तोडा या आदिवासी लोकांवरचा पहिला लेख ‘अॅन इंडियन लेडी’ या सहीनं छापून आला. ‘सगुणा’ १८८७-८८ मध्ये ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मधून क्रमशः आली. एकुलतं मूल तान्हेपणीच गेलं. सासू आणि मग सासरे गेले. क्षय शरीर पोखरत होता. ‘कमला’ त्या अखेरच्या काळातली. ऑगस्ट १८९४ मध्ये कृपाबाईंचं निधन झालं, तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या. ‘सगुणा’ पुस्तकरूपात त्यांनी पाहिली नाही.

या तारखांमुळे एक गैरसमज टळतो. छापील वर्षं पाहून ‘कमला’ आधीची मानली जाते. लेखनाच्या क्रमानं ‘सगुणा’ आधीची आहे, आणि दोहोंच्या मध्ये एका मुलाचं मरण आहे. वाचताना हाच क्रम ठेवा.

‘सगुणा’चा पहिला भाग हे या जोडीतलं सोनं आहे. त्यात नायिका अजून जन्मलेलीही नाही. कथा आईची, राधेची आहे. आईवेगळी मुलगी, लहानपणी लग्न, सासूच्या हाताखाली वाढ. मग पोथ्यापुराणांत मुरलेला नवरा हळूहळू दुसऱ्याच देवाकडे ओढला जातो आणि एक दिवस निघून जातो. राधा त्याच्याकडे जाते ती धर्म पटला म्हणून नव्हे. नवरा आहे म्हणून जाते. मिशनच्या आवारात राहून आपला सोवळ्याचा कोपरा वेगळा राखते. तिचं मन वळतं ते वादानं नाही, रोजच्या राहण्यातून, फार सावकाश. कृपाबाई आईला कुठंही अडाणी ठरवत नाहीत. नवऱ्याच्या सत्यनिष्ठेला त्या जेवढा मान देतात, तेवढाच राधेच्या हट्टाला देतात. धर्मांतराच्या त्या काळच्या गोष्टींत बायको हा बहुतेक वेळा एक अडथळा असतो. इथं तिचं दुःख हाच कथेचा गाभा आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांना पाठ आहे त्यांना राधा लगेच ओळखू येईल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, १९०० मध्ये. त्या मधल्या वर्षांतली ओढाताण, वेगळी चूल, गळत जाणारं सोवळं यांची आठवण राधेच्या पानोपानी येते. फरक असा की लक्ष्मीबाई स्वतःचं सांगतात आणि हसत सांगतात. कृपाबाई आईचं सांगतात, आणि आईविषयीच्या आदरामुळे त्यांचा आवाज जरा उंच, जरा गंभीर राहतो. हसू तिथं क्वचितच फुटतं. ‘स्मृतिचित्रे’ची चव जिभेवर घेऊन गेलात तर पहिली पन्नासेक पानं कोरडी वाटतील, तेवढी तयारी ठेवा.

मधला भाग भास्कराचा. डोंगरावरचे ते दिवस, भावाबहिणीच्या गप्पा, आणि वर सांगितलेलं वचन. कृपाबाईंचा देव डोंगरावर जास्त जवळ असतो. ‘सगुणा’तही तसं आहे आणि ‘कमला’तही, कमलाचं बालपण विरक्त वृत्तीच्या विद्वान बापाबरोबर एकांतातच जातं. इंग्रजी निसर्गकवींची छाप या वर्णनांवर आहेच. पण सह्याद्रीत एकदा पावसाळा काढलेल्या माणसाला त्यातली धुक्याची आणि ओढ्यांची नेमकी नोंद पटेल. काही ठिकाणी वर्णन लांबतं. तिथं भराभर पानं उलटली तरी चालतील, फक्त डोंगरावर कुणी प्रार्थना करत असेल तर थांबा, कारण पुढची वळणं तिथं ठरतात.

मग शाळा, बोर्डिंग आणि मिशनरी बाया. हा भाग आज सर्वांत जास्त उद्धृत होतो आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. सगुणेला गोऱ्या बायांचा वरचढपणा खुपतो. देशी ख्रिस्ती म्हणजे खालच्या पायरीवरचा, हे गृहीत धरून वागणाऱ्यांवर ती चिडते. साहेबी पोशाखाची आणि बोलण्याची नक्कल करणारी देशी कुटुंबंही तिच्या नजरेतून सुटत नाहीत. यावरून तिची श्रद्धा डळमळीत होती असा निष्कर्ष काढला जातो. पुस्तक त्याच्या उलट सांगतं. ख्रिस्त हा मिशनचा मालकीहक्क नाही, तो तिला बाप आणि भाऊ यांच्याकडून मिळालेला आहे, म्हणूनच ती मिशनऱ्यांपुढं मान वर करून उभी राहू शकते. तिचा राग श्रद्धेतून येतो. हे ध्यानात आलं नाही तर पुस्तकाचे दोन तुकडे पडतात, एक ‘भक्तीचा’ आणि एक ‘बंडाचा’, आणि दोन्ही पंगू.

शेवटचा तिसरा हिस्सा कमी पडतो. मद्रासचं वैद्यकीय शिक्षण, आजारपण आणि परदेशातून परतलेल्या तरुणाशी जुळलेलं मन हे सगळं घाईत उरकलं आहे. शवविच्छेदनाच्या वर्गात पहिल्यांदा शिरणाऱ्या मराठी मुलीला काय वाटलं असेल, याची भूक वाचकाला लागते आणि ती भागत नाही. हे प्रकरण छापून येत होतं त्या काळाची आठवण ठेवा. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटलाही त्याच वर्षी पेटलेला होता. शिकणाऱ्या स्त्रीचा देह किती दिवस साथ देईल, हा प्रश्न तेव्हा हवेत होता. कृपाबाई त्याच्या इतक्या जवळ होत्या की कदाचित त्याविषयी सविस्तर लिहवलं नसेल.

एक इशारा अभ्यासकांसाठी. हरिश्चंद्र म्हणजे हरिपंत, राधा म्हणजे राधाबाई, भास्कर तर नावासकट भास्करच. तरी ‘सगुणा’ हा दस्तऐवज नाही. काळ दाबून घेतलेला आहे, नावं काही बदललेली आहेत तर काही नाहीत. नगर मिशनच्या इतिहासासाठी यातून तारखा काढू नका. घरातल्या भावना, स्वयंपाकघरातला विटाळ, सासरमाहेरचे धागे यांसाठी मात्र इतका चांगला साक्षीदार विरळा.

‘कमला’ ही बांधणीनं सरस कादंबरी आहे. आईवेगळी कमला लग्न होऊन गणेशच्या घरी येते. घरात सासू आणि नणंद. गणेश शिकलेला, त्याला बायकोला वाचायला शिकवावंसं वाटतं, तो सुरुवातही करतो. घरातल्या बायकांना ते खपत नाही, टोमणे सुरू होतात आणि गणेश माघार घेतो. कादंबरीतलं माझ्या मते सर्वांत धारदार निरीक्षण हे आहे. सुधारक नवऱ्याचा उत्साह कुठं संपतो? बायकोवर अन्याय होतो आहे हे कळेनासं झालं म्हणून नव्हे, तर चारचौघांत आपलं हसं होतं म्हणून. त्या दशकात सुधारणेवर ढीगभर व्याख्यानं झाली. ती अपुरी का पडली, हे इथं दोन-चार प्रकरणांत दिसतं. पुढं सई नावाची धीट, मोहात पाडणारी बाई गणेशच्या आयुष्यात शिरते, कमला घर सोडते, तिची मुलगी जाते, गणेश पटकीत (कॉलऱ्यात) जातो.

सईचं पात्र भडक रंगवलं आहे, आणि पटकी अगदी सोयीच्या वेळी येते. कमलेला आईकडची संपत्ती मिळते हेही जुळवून आणलेलं वाटतं. हे दोष मोठे आहेत, त्यांवर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण तान्ह्या मुलीच्या मरणाचं प्रकरण वाचताना लेखिकेचा हात कुठं थरथरला असेल ते समजतं.

शेवटी येतो रामचंद्र, जाणता आणि मनानं मोठा. तो कमलेला लग्नाचं विचारतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून होता, सुधारक त्याचा पुरस्कार करत होते, आणि लेखिका स्वतः ख्रिस्ती; तिच्या धर्माची या लग्नाला काहीच हरकत नव्हती. कमला नाही म्हणते. इथं निवेदिका असा शेरा मारते की तिचा धर्म, कितीही ओबडधोबड असला तरी, जिंकला. ‘ओबडधोबड’ या शब्दात ख्रिस्ती लेखिका डोकावते, ‘जिंकला’ या शब्दात ती मान लववते. पुढं कमला आपलं धन विधवा आणि अनाथांसाठी खर्च करते.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते, आणि तीही एका ख्रिस्ती लेखकाची, विधवांच्या दुःखावरची. तिच्या शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. कमला यांतलं काहीच करत नाही. ३७ वर्षांच्या अंतरानं दोन ख्रिस्ती मराठी माणसांनी एकाच प्रश्नाला इतकी वेगळी उत्तरं दिली, हे शेजारी ठेवून शिकवावं असं आहे. पदमनजींना वाट दाखवायची होती. कृपाबाईंना माणूस दाखवायचं होतं, आणि त्या माणसाच्या धर्मावर त्यांनी हात टाकला नाही.

तरी श्रद्धा तिथं आहे. ती दिसायला बायबल माहीत असावं लागतं. याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायाच्या २७ व्या वचनात शुद्ध धर्माचरण म्हणजे काय ते सांगितलं आहे: अनाथ आणि विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. कमलेचा शेवट या वचनासारखाच आहे, आणि वचनाचा उल्लेख कुठंही नाही. चर्चमधल्या वाचकगटानं ‘कमला’त येशूचं नाव शोधत बसू नये. हे वचन आधी वाचावं, मग शेवटचं प्रकरण. तेवढ्यानं पुस्तक उघडतं.

दुसऱ्या बाजूनं, ‘हिंदू जीवना’विषयीचे निवेदिकेचे काही शेरे आज खटकतील. ‘अंधश्रद्धा’ हा शिक्का ती सहज मारते, आणि बायकांच्या कुजबुजीला अज्ञान म्हणते. इंग्रज वाचक डोळ्यांपुढं असल्यामुळे सणवार आणि चालीरीती समजावून सांगत बसते. मराठी वाचकाला ती स्पष्टीकरणं नको असतात. तिची पात्रं मात्र तिच्या शेऱ्यांपेक्षा शहाणी आहेत. शेरा आणि प्रसंग यांत विरोध दिसला की प्रसंगावर विश्वास ठेवावा.

वाचनगटासाठी चार बैठकी पुरतात. पहिलीत ‘सगुणा’ राधेच्या मन बदलण्यापर्यंत. दुसरीत उरलेली ‘सगुणा’, त्यात भास्कराच्या वचनावर निम्मा वेळ. तिसरीत ‘कमला’ गणेश शिकवणं सोडतो तिथपर्यंत, चौथीत बाकीची. पहिल्या बैठकीत पात्रांच्या नावांचा एक कागद सगळ्यांना द्या, देवनागरीत. मूळ स्पेलिंगं जुन्या धाटणीची आहेत, ‘लक्ष्मी’तला पहिला स्वर ‘यू’नं, ‘नारायण’मधला शेवटचा स्वर ‘ई’नं, असं बरंच, मनातल्या मनात वाचताना डोळा अडखळतो. मोठ्यानं वाचलं की नाव लगेच कळतं.

मराठीत आणू पाहणाऱ्यांसाठी आणखी थोडं. लेखिकेला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे मूळ संहितेवर स्वामित्वहक्क उरलेला नाही. आधुनिक आवृत्त्यांच्या प्रस्तावना आणि टिपा मात्र त्यांच्या त्यांच्या लेखकांच्या आहेत. त्या उचलू नयेत. अनुवादातली खरी अडचण नात्यांची. इंग्रजीतल्या एका ‘सिस्टर-इन-लॉ’त नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी सगळ्या मावतात. ‘कमला’त छळ नवऱ्याच्या बहिणीकडून होतो, म्हणून तिथं नणंदच हवी, आणि कमलेच्या तोंडी ‘वन्सं’. तसं केलं की घरातली सत्ता कुणाकडे आहे ते एका संबोधनात कळतं. नवराबायकोच्या संवादात इंग्रजीत दोघंही एकमेकांना एकाच सर्वनामानं बोलतात. मराठीत गणेश ‘तू’ म्हणेल, कमला ‘अहो’च्या पुढं जाणार नाही, आणि शिकवण्याच्या प्रकरणात ती एकदाच, पाठ म्हणण्याच्या ओघात, नकळत मोकळी बोलली तर चालेल, पण तो निर्णय विचारानं घ्यावा. प्रार्थनांच्या जागी मात्र आजची सोपी भाषा घालू नये. राधा आणि हरिश्चंद्र यांच्या काळच्या मराठी बायबलचा सूर कानात बसवून मगच त्या वाक्यांना हात लावावा. ‘प्रभू’, ‘तारण’, ‘कृपा’ हे शब्द त्या घरात रोजचे होते, आणि मुलीचं नावही त्यांतूनच ठेवलं होतं.

दोन्ही कादंबऱ्या आवडल्या तर १८९६ मध्ये निघालेलं कृपाबाईंच्या संकीर्ण लेखांचं पुस्तक शोधा. त्यात कादंबरीकार कमी आणि शिक्षिका जास्त आहे. पण उटीला मुलींची शाळा काढणारी बाई ‘कमला’तल्या त्या अर्ध्यावर थांबलेल्या पाठाबद्दल इतकी हळवी का होती, हे त्यातून कळेल.